मंदाताईंचं प्रस्थान

आमच्या मंदाताईंचा पहिला पासपोर्ट कोराच गेला. दहा वर्षं कपाटात शालीखाली पडून होता, मुदत संपली तेव्हा त्यावर एकसुद्धा शिक्का नव्हता. दुसराही त्याच वाटेनं निघाला होता. मंदाताई म्हणजे माझी नणंद, आमच्या यांची मोठी बहीण. लग्न केलं नाही, ग्वाल्हेर सोडलं नाही, कंपू भागातल्या एका इस्पितळात नोंदणीच्या खिडकीवर चौतीस वर्षं काढली, आणि आता दर्पण कॉलनीत आमच्याच वरच्या मजल्यावर राहतात. वय एकोणसत्तर. बाईंना साडीची हौस नाही, दागिन्याची नाही, खाण्याची तर नाहीच नाही. एकच हौस, एकदा दुसऱ्या देशात पाऊल टाकून यायचं.

मी त्यांची भावजय, वनमाला. भावजय नणंदेबद्दल बोलायला लागली की लोक कान टवकारतात. टवकारोत बापडे. चाळीस वर्षं आम्ही एका घरात काढली आहेत, त्यातली दहा-बारा तरी भांडणात गेली असतील, तेव्हा बोलायचा हक्क मला आहे.

आता कोणी विचारेल, एवढी हौस होती तर गेल्या का नाहीत? तुम्ही अडवलंत का? छे! आम्ही त्यांना कधी नाही म्हटलं नाही. आम्ही फक्त आजारी पडत गेलो. पहिला पासपोर्ट काढला त्या वर्षी इस्पितळातल्या चौघी सिंगापूरला निघाल्या होत्या. निघायच्या तीन दिवस आधी आमच्या सासूबाईंना अर्धांगवायू झाला. त्या पाच वर्षं अंथरुणावर होत्या आणि त्यांचं सगळं मंदाताईंनी केलं. मग माझं पोटाचं ऑपरेशन निघालं. दुसऱ्या पासपोर्टावर श्रीलंकेचं ठरलं, तर यांची बायपास. त्यानंतर थायलंडचं ठरलं, तिकिटं हातात आली, आणि सगळं जगच बंद झालं. त्यात निदान आमचा हात नव्हता.

त्यात सात वर्षांपूर्वी यांना इन्सुलिन सुरू झालं. आमचे हे, म्हणजे दिनकरराव, ट्रेझरीत पस्तीस वर्षं कोणा साहेबाला घाबरले नाहीत, पण सुईला घाबरतात. मी एकदा टोचायला गेले तर माझाच हात असा थरथरला की हेच मला म्हणाले, ‘‘बस तू, पाणी पी.’’ तेव्हापासून सकाळी साडेसातला आणि संध्याकाळी साडेसातला मंदाताई खाली येतात, फ्रिजमधून इन्सुलिनचं पेन काढतात, हे शर्ट वर करून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसतात, आणि काम होतं. सात वर्षांत एक वेळ चुकली नाही. कोणाकडे लग्नाला गेल्या तरी बाई पंगतीत न बसता डबा घेऊन परत.

तर या वर्षी आमच्या भगिनी मंडळाच्या बारा जणींनी परदेशी सहल ठरवली. सात दिवसांची. मी जाणार नव्हते, यांच्याजवळ कोणी तरी हवं. मंदाताईंनी नाव दिलं. कोणाला काही न विचारता दिलं, आणि घरी येऊन मला सांगितलं, ‘‘वनमाला, मी नाव दिलंय. आता नोव्हेंबरपर्यंत कोणी आजारी पडू नका.’’

सिटी सेंटरमधल्या टूरवाल्यानं आधी थायलंड सुचवलं. म्हणाला, आपल्या लोकांना तिथे थोड्या दिवसांसाठी व्हिसाच लागत नाही. अकरा जणी खूश. मंदाताईंचा चेहरा पडला.

‘‘लागत नाही म्हणजे? मग आपण येतोय हे त्यांना कळणार कसं?’’

आमची अवंतिका, माझी मुलगी, बरोबर गेली होती. ती म्हणाली, ‘‘आत्या, फ्री एंट्री आहे, और क्या चाहिए?’’

‘‘फुकट जाऊन उभं राहायचं कोणाच्या दारात? न विचारता आलेल्या पाहुण्याचा काय मान असतो, मला ठाऊक आहे. मी जाईन तर विचारून जाईन.’’

बाकीच्या अकरा जणींनी बँकॉकच्या खरेदीसाठी रिकाम्या बॅगासुद्धा बघून ठेवल्या होत्या. पण मंदाताईंच्या तोंडी लागणार कोण? त्यांच्यातल्या निम्म्या जणींच्या मुलांच्या जन्माची नोंद याच बाईंनी केलेली. शेवटी व्हिएतनाम ठरलं. तिथे अर्ज करावा लागतो, फोटो लागतो, फी लागते, आणि त्यांचं उत्तर येईपर्यंत थांबावं लागतं. मंदाताई म्हणाल्या, ‘‘हां. हे रीतसर आहे.’’

अर्ज कॉम्प्युटरवर भरायचा होता. वीस मिनिटांचं काम, आमच्याकडे दोन संध्याकाळी चाललं. नमनाला घडाभर तेल. एकही रकाना मोकळा सोडायचा नाही हा मंदाताईंचा खिडकीवरचा नियम, आणि घाईनं काही लिहायचं नाही हा दुसरा. अवंतिका लॅपटॉप घेऊन बसलेली, आत्या शेजारी ताठ, मी समोर मटार सोलत.

‘‘याआधी दुसरा पासपोर्ट होता का, असं विचारतायत. आत्या, नो कर दूं? कौन देखता है.’’

‘‘होता, तर नाही कसं लिहायचं? चौतीस वर्षं कोणाला खोटं वय लिहू दिलं नाही, आता स्वतः खोटं लिहू?’’ मंदाताई वर गेल्या आणि कोपरा कापलेला जुना पासपोर्ट घेऊन आल्या. अवंतिकेनं तो उलटसुलट पाहिला. पोरगी वात्रट, तिनं विचारलं, ‘‘यावर कुठे कुठे गेला होतात, आत्या?’’

‘‘कपाटात,’’ मंदाताई म्हणाल्या. ‘‘पुढचा प्रश्न वाच.’’

पुढचा प्रश्न होता, अडचण आली तर कोणाला कळवायचं. मंदाताईंनी क्षणाचाही विचार न करता माझं नाव सांगितलं. भाऊ समोर बसलेला असताना माझं. मी मान वर केली नाही, मटारच सोलत राहिले.

फोटोचीही तऱ्हा. चष्मा काढायचा, हसायचं नाही, मागे पांढरा पडदा. चष्मा काढल्यावर बाईंना कॅमेराच दिसेना. फोटोवाला म्हणतोय, ‘‘माताजी, इधर देखिए,’’ आणि या दुसऱ्याच बाजूच्या पंख्याकडे रोखून बघतायत. चौथ्या वेळी जमलं. हसायचं नाही ही अट मात्र त्यांनी पहिल्या झटक्यात पाळली.

मग टूरवाल्यानं सगळ्यांचे पासपोर्ट तपासले. नियम असा की तिथे उतरायच्या दिवसापासून पुढे सहा महिने तरी पासपोर्टाची मुदत शिल्लक हवी. उतरायचं सोळा नोव्हेंबरला. मंदाताईंच्या पासपोर्टाची मुदत सत्तावीस मेपर्यंत. अकरा दिवस वाचले. त्या संध्याकाळी जिन्यात बसून त्यांनी ते बोटांवर तीनदा मोजलं.

मी म्हटलं, ‘‘एवढं काय त्यात? संपला तर नवा काढता येतो.’’

‘‘तिसरा काढायचा, वनमाला? आणि तोही शालीखाली ठेवायचा?’’ त्या म्हणाल्या. ‘‘या वेळी नाही गेले तर मी पुन्हा नाव काढणार नाही. कानाला खडा.’’

बाई बोललं ते करतात, हे मला चांगलं माहीत आहे.

अवंतिकेनं इंटरनेटवरून एक यादी काढली होती. विमानतळावर खिडकीतला माणूस काय काय विचारू शकतो त्याची. रोज संध्याकाळी यांचं इंजेक्शन झालं की ती आत्याची उजळणी घ्यायची.

‘‘कशासाठी आलात?’’

‘‘बघायला.’’

‘‘किती दिवस राहणार?’’

‘‘सात. आग्रह केलात तरी आठवा नाही.’’

‘‘आत्या, आग्रह कोई नहीं करेगा. राहणार कुठे? पैसे किती आणलेत?’’

हॉटेलचं नाव पाठ, पैशांचं पाकीट कमरेला. मग अवंतिकेनं विचारलं, ‘‘तुम्ही परत जाल कशावरून? त्यांना ही भीती असते, कोई आया तो वापस जाएगा कि नहीं.’’

मंदाताई म्हणाल्या, ‘‘परतीचं तिकीट आहे. शिवाय घरी भाऊ आहे. त्याला सकाळ-संध्याकाळ इंजेक्शन द्यावं लागतं. मला परत जावंच लागतं.’’

‘‘परफेक्ट! आत्या, यही बोलना. याच्यापेक्षा चांगलं उत्तर असूच शकत नाही.’’

मंदाताईंनी ते उत्तर एका छोट्या वहीत मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत लिहून घेतलं. हे कॅलेंडरकडे बघत होते. मला ते उत्तर आवडलं नाही. का आवडलं नाही, ते तेव्हा कळलं नाही, मी उठून कुकर लावला.

व्हिसाचा कागद चौथ्या दिवशी आला. परदेशाचं काम झालं, घरचं राहिलं होतं. मंदाताईंचे वडील पंचांग बघितल्याशिवाय दाढीसुद्धा करत नसत, आणि ते सगळं बाईंनी उचललं आहे. निघायचं पंधरा तारखेला, वार शनिवार. शनिवारी पूर्वेला दिशाशूल, म्हणजे त्या दिशेला निघणं अशुभ. व्हिएतनाम पूर्वेला. मी म्हटलं, आपण आधी गाडीनं दिल्लीला जाणार, दिल्ली उत्तरेला आहे, मग शूल कुठला? त्यांनी एक रात्र विचार केला आणि सकाळी सांगितलं की शेवटचा मुक्काम धरायचा असतो. तिकीट तर बदलता येत नाही. पण आपल्या शास्त्रात त्यालाही सोय आहे. प्रस्थान ठेवायचं.

हल्लीच्या लोकांना हे माहीत नसतं म्हणून सांगते. निघायचा दिवस वाईट असेल तर आधीच्या चांगल्या दिवशी आपलं एक गाठोडं घराबाहेर काढायचं आणि ज्या दिशेला जायचं त्या दिशेच्या कोणा भल्या माणसाच्या घरी नेऊन ठेवायचं. गाठोडं निघालं म्हणजे माणूस निघाला. मग पाच दिवसांच्या आत जाताना ते उचलायचं आणि पुढे जायचं. पण एकदा बाहेर काढलेलं गाठोडं पुन्हा आपल्या घरात आलं की प्रस्थान मोडलं. व्हिसाला मुदत, पासपोर्टाला मुदत, गाठोड्यालाही मुदत. मंदाताईंना हे सगळं एकाच कारखान्यातलं वाटायचं.

आमच्या पूर्वेला गल्लीपलीकडे महिपतरावांचं घर. फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झालेले, मिशा अजून ड्यूटीवर. गुरुवारी सकाळी मंदाताई न्हाऊन, गाठोडं घेऊन त्यांच्या दारात गेल्या. मी बरोबर होते. महिपतरावांनी ते दोन्ही हातांत घेतलं, त्यांच्या बायकोनं, सुधाताईंनी, देवघरात पाटावर जागा केली.

‘‘भाऊ, एक लक्षात ठेवा,’’ मंदाताई म्हणाल्या. ‘‘शनिवारी पहाटे मी येऊन नेईन. तोपर्यंत काहीही झालं, अगदी काहीही, तरी हे आमच्या घरी परत पाठवायचं नाही.’’

‘‘ताई, ऑर्डर समजली,’’ महिपतराव म्हणाले.

आठ दिवसांच्या इंजेक्शनसाठी कंपूतला एक कंपाउंडर ठरवला होता. दोन्ही वेळा साडेसातला येणार. मंदाताईंनी त्याला समोर बसवून त्याचीही उजळणी घेतली होती.

शनिवारी गाडी सकाळी सव्वानऊची. मंदाताई साडेसहाला तयार. गाडी चुकणाऱ्या लोकांबद्दल त्यांचं मत वाईट आहे. बॅग दारात, पायात नवे बूट, आयुष्यात पहिल्यांदा. यांना नमस्कार करू दिला, देवाला केला, आणि गल्ली ओलांडून गाठोडं आणायला गेल्या.

दोन मिनिटांत परत आल्या. ‘‘कुलूप आहे,’’ म्हणाल्या.

शेजारच्या दूधवाल्याकडून कळलं. महिपतरावांचे मोठे भाऊ झाशीला असतात, ते रात्री गेले. पहाटे फोन आला आणि नवरा-बायको चारलाच गाडी करून निघाले. आम्ही सगळे हळहळलो. मग मी म्हटलं, ‘‘मंदाताई, त्यांच्यावर एवढा प्रसंग आलाय, गाठोड्याचं काय घेऊन बसायचं? मूठभर तांदूळ अन् सुपारी ती. निघा तुम्ही, देव समजून घेईल.’’

मंदाताई दारातल्या स्टुलावर बसल्या.

‘‘अहो निघा ना!’’

‘‘पासपोर्ट त्यात आहे,’’ त्या म्हणाल्या.

मला वाटलं, माझ्या कानांत काही तरी झालं. अवंतिका ओरडली, ‘‘आत्या! पासपोर्ट उसमें क्यों रखा?’’

‘‘प्रस्थानात तांदूळ, सुपारी, हळकुंड, अंगावरचं एक वस्त्र आणि मनाला सगळ्यांत प्रिय असेल ती एक वस्तू ठेवायची असते,’’ मंदाताई म्हणाल्या. ‘‘तसं लिहिलंय. मी दोन दिवस शोधत होते, आपल्याला प्रिय काय आहे. दुसरं काही सापडलं नाही.’’

आणि आता एक गोष्ट सांगते, जी मी आजवर कोणाला सांगितली नाही. त्या क्षणी पहिल्यांदा माझ्या मनात आलं, चला, सुटलो. कंपाउंडर नको, आठ दिवसांची धाकधूक नको, बाई घरात असतील. एवढंच आलं आणि गेलं. पण आलं. मला माझी इतकी लाज वाटली की मी भिंतीला टेकून उभी राहिले.

मंदाताईंनी वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या. बूट कडेला नीट जोडून ठेवले. चेहऱ्यावर काही नाही. खिडकीवरचा चेहरा. ‘‘शूल होताच,’’ म्हणाल्या. ‘‘अवंतिका, कंपाउंडरला फोन कर. म्हणावं, येऊ नको.’’ आणि स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी फ्रिज उघडला, पेन काढलं, त्यावर सुई बसवली. ‘‘दिनू, ये. आज जरा लवकर होतंय, पण खाऊन घेशील लगेच.’’

हे उठले. नेहमीच्या खुर्चीवर जाऊन बसले. शर्ट वर केला. मंदाताई जवळ गेल्या तसा यांनी हात पुढे केला आणि त्यांच्या हातातलं पेन काढून घेतलं.

‘‘दिनू, वेडेपणा करू नकोस.’’

‘‘किती आकडा लावायचा?’’ यांनी विचारलं.

‘‘चौदा. अरे पण...’’

यांनी चौदावर फिरवलं. या वेळी कॅलेंडरकडे बघितलं नाही, पोटाकडे बघितलं. टोचलं. तोंडानं दहा आकडे मोजले, मोठ्यानं, शाळेतल्या मुलांसारखे. मग सुई काढली आणि पेन टेबलावर ठेवलं.

‘‘हे बघ, ताई. टोचलं,’’ हे म्हणाले. ‘‘सात वर्षांपूर्वीच करायला हवं होतं मी हे. मला भीती वाटायची, आणि तू होतीस. आता बूट घाल.’’

‘‘बूट घालून जाऊ कुठे? पासपोर्ट नाही.’’

मग मात्र माझं डोकं फिरलं. ‘‘ते मी बघते!’’ मी ओरडले. ‘‘अडचणीच्या वेळी कोणाला कळवायचं म्हणून माझं नाव लिहिलंयत ना? मग कळवा की! स्टुलावर बसून काय राहिलात?’’ आणि मी महिपतरावांना फोन लावला. ज्यांच्या घरी अजून प्रेत उचललं नाही त्यांना फोन करणं शोभत नाही, मला कळतं. पण लाज एकदा वाटून झाली होती, दुसऱ्यांदा वाटायला वेळ नव्हता.

महिपतरावांनी दुसऱ्या घंटीला उचलला. मी दोन शब्द दुःखाचे बोलले आणि विचारलं, घराची किल्ली कोणाकडे आहे का.

‘‘वहिनी, घरात काही नाही,’’ ते म्हणाले. ‘‘प्रस्थान माझ्याबरोबर आहे.’’

‘‘झाशीला?’’

‘‘सुतक लागलं, देवघरात कसं ठेवू? घर दहा दिवस बंद. तुमची बेल वाजवणार होतो, पण ताईंची ऑर्डर होती, काहीही झालं तरी त्या घरी पाठवायचं नाही. मी हात नाही लावला हो. काठीला अडकवून गाडीत ठेवलं. इथे जावयाच्या ताब्यात दिलंय, त्याला सुतक नाही. ताईंना म्हणावं, गाठ सुटलेली नाही.’’

ग्वाल्हेरहून झाशी उलट्या दिशेला, शंभर किलोमीटर. घड्याळात पावणेसात. पण अवंतिका, माझी वात्रट पोरगी, मोबाइलवर काही तरी बघत होती. ती म्हणाली, ‘‘आई, आपली गाडी झाशीहूनच येते. तिथून पावणेआठला सुटते!’’

मी फोनवरच महिपतरावांना ते सांगितलं. त्यात पासपोर्ट आहे हेही सांगितलं. मागे बायकांचं रडणं ऐकू येत होतं.

‘‘डबा आणि सीट नंबर सांगा,’’ महिपतराव म्हणाले.

सव्वानऊला गाडी ग्वाल्हेरच्या फलाटावर लागली तेव्हा महिपतरावांचे जावई संग्रामसिंह डब्याच्या दारात उभे होते. तिकीट काढून, झाशीहून इथवर. अकरा जणींचा चढायचा गोंधळ चाललेला. आणि मंदाताईंच्या खिडकीच्या सीटवर ते गाठोडं ठेवलेलं होतं. त्याच्यासाठी संग्रामसिंह मुरैन्याच्या कोणा प्रवाशाशी भांडलेही होते म्हणे.

मंदाताईंनी ते उचलून मांडीवर घेतलं, वरून पासपोर्ट चाचपला, गाठ सोडली नाही. संग्रामसिंह उतरले आणि परतीच्या गाडीकडे पळाले, त्यांना स्मशानात पोचायचं होतं. आम्ही खिडकीशी उभे. हेही आले होते. गाडी हलली. बाईंनी हात हलवला नाही, दोन्ही हात गाठोड्यावर होते.

ते आठ दिवस यांनी सोळा वेळा टोचून घेतलं. दर वेळी दहा आकडे मोठ्यानं. कंपाउंडर एकदा येऊन गेला, चहा पिऊन गेला.

मंदाताई परत आल्या त्या संध्याकाळी आम्ही त्यांच्याभोवती बसलो. बाकीच्या जणींनी बॅगा भरून आणल्या होत्या, यांनी भावासाठी एक गवताची टोकदार टोपी आणली. जेवणाचे हाल झाले, भाज्यांतही मासळीचा वास, हे सगळं सांगून झालं. पासपोर्ट आमच्या हातांतून फिरला. आणखी चार-पाच दिवसांनी सहा महिन्यांच्या हिशेबानं तो कुठेच चालणार नव्हता, पण आत शिक्का होता. थोडा तिरका. यांनी चष्मा पुसून तो दोनदा पाहिला.

‘‘आत्या, इमिग्रेशनवर काय विचारलं?’’ अवंतिकेनं विचारलं. ‘‘उत्तरं आठवली ना?’’

‘‘काही विचारलं नाही,’’ मंदाताई म्हणाल्या. ‘‘खिडकीत एक तरुण पोरगा होता. पासपोर्ट घेतला, माझ्याकडे बघितलं, आणि शिक्का उचलला. मी म्हटलं, थांब.’’

‘‘थांब म्हणालात? त्याला?’’

‘‘मराठीतच म्हणाले. खिडकीच्या त्या बाजूला चौतीस वर्षं बसले आहे मी. काही न विचारता मी कोणाला पुढे सोडलं नाही. म्हटलं, तू विचारलं नाहीस तरी मी सांगते. सात दिवस राहणार आहे. परतीचं तिकीट आहे. आणि घरी भाऊ आहे, त्याचं तो आता टोचून घेतो. मला परत जावंच लागेल असं काही राहिलेलं नाही. मी आपली माझ्या मनानं जाणार आहे.’’

हे एकदम उठून कॅलेंडरकडे तोंड करून उभे राहिले. मीही पदर डोळ्यांना लावला, लपवायचं कशाला.

‘‘मग तो काय म्हणाला?’’ मी विचारलं.

‘‘त्याला काय कळणार? एक अक्षर कळलं नाही,’’ मंदाताई म्हणाल्या. ‘‘त्यानं शिक्का मारला.’’